घोंगडी पुरस्काराची मतपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझ्या एका कुशीला मोठा पोचा आहे, झाकणाच्या कडेला गंज आहे आणि माथ्यावर बोटभर रुंदीची फट आहे. त्या फटीतून लोक माझ्या पोटात चिठ्ठ्या टाकतात. मी मतपेटी आहे. पण आमदार-खासदारांच्या निवडणुकीतली नव्हे. वर्षभरात वाचलेल्या कॉमिक्समध्ये, म्हणजे चित्रांच्या गोष्टींत, सगळ्यात चांगली कोणती, हे आमच्याकडे वाचणारेच ठरवतात. त्या मतांची मी पेटी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी फार भित्री आहे. पत्र्याला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या पोटात दुसऱ्यांच्या मनातलं ठेवलेलं असतं, त्याला भीती वाटतेच.

माझा जन्मही भीतीतच झाला. कळमनुरीच्या आठवडी बाजारात एक कारागीर रिकाम्या तेलाच्या डब्यांपासून चाळण्या, कंदील आणि पेट्या बनवायचा. त्याने माझा पत्रा कात्रीने कापला, हातोडीने ठोकला, तापलेल्या कथलाने माझे सांधे भरले. मी नुसती किंचाळत होते. बाजारातल्या लोकांना मात्र ती फक्त ठोकाठोक वाटली. शेवटी त्याने छिन्नी घेऊन माझ्या माथ्यालाच फट पाडली, तेव्हा मला वाटलं, संपलं आता. तेवढ्यात वरून एक माणूस डोकावला आणि म्हणाला, "जरा बारीक ठेव भाऊ. हात जाता कामा नये आत. फक्त चिठ्ठी जावी."

ते रूपसिंगकाका होते. पुसेगावच्या अलीकडे रस्त्याला लागून बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथले रूपसिंग राठोड. तेव्हा ते तरणे होते. सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवून त्यात कॉमिक्स भरायचे आणि तांड्यातांड्यांतून, बाजारांतून वाचायला द्यायचे. मुलं झाडाखाली बसून तिथेच वाचायची आणि परत करायची. कोणी पान मुडपलं तर काका त्याला काही बोलत नसत. ते पान स्वतःच्या मांडीवर ठेवून तळहाताने सरळ करत बसत. ते बघून मुलालाच लाज वाटायची.

नवी पुस्तकं कोणती आणावीत, हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी वाचणाऱ्यांनाच विचारायचं ठरवलं. पहिल्या वर्षी हात वर करायला सांगितले. पण सगळ्यांत दांडगा मुलगा जिकडे हात वर करी, तिकडे सगळे हात वर होत. दुसऱ्या वर्षी प्रत्येक पुस्तकापुढे वाटी ठेवली आणि चिंचोके टाकायला सांगितले. मुलांनी चिंचेची झाडंच झोडपून काढली. एका राक्षसाच्या गोष्टीपुढची वाटी भरून चिंचोके जमिनीवर सांडले. वाचणारे जेमतेम ओसरीभर आणि चिंचोके पोतंभर! तेव्हा काका म्हणाले, "असं न्हाई चालायचं. एकाला एक चिठ्ठी, आणि ती बंद पेटीत." म्हणून मी जन्मले.

जिंकणाऱ्या पुस्तकाच्या चित्रकाराला बक्षीस काय द्यायचं? तांड्याशेजारच्या गावात ज्ञानबा नावाचे मेंढपाळ राहत. ते म्हणाले, "माझ्या मेंढरांची लोकर घ्या. घोंगडी विणून द्या त्याला. उबेला बसून आणखी चित्रं काढंल." तेव्हापासून पुरस्काराचं नाव घोंगडी पुरस्कार पडलं. काका घोंगडी बांधून पोस्टाने पाठवून देत. एकदा मात्र एक म्हातारे चित्रकार स्वतःच आले. हिंगोलीला एसटीतून उतरून, विचारत विचारत ते तांड्यावर पोहोचले. त्यांचं पुस्तक छापणारं दुकान कधीच बंद पडलं होतं. आपली चित्रं अजून कोणी बघतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. भर उन्हाळ्यात खांद्यावर घोंगडी पांघरून ते ओसरीवर बसले आणि एकेका मुलाला विचारू लागले, "तुला कोणतं चित्र आवडलं? दाखव बरं." त्या दिवशी मला जरासुद्धा भीती वाटली नव्हती.

तसे दिवस थोडेच. एके वर्षी मतदानानंतर मला कोणीतरी "सांभाळायला" म्हणून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी माझं पोट जड झालं होतं. अनोळखी चिठ्ठ्या माझ्या आत गपचूप येऊन पडल्या होत्या आणि मला त्या थोपवता आल्या नव्हत्या. काकांनी सगळ्या चिठ्ठ्या न वाचता जाळल्या आणि नियम केला: पेटी नजरेआड गेली की मतदान रद्द. कोणी नेली, का नेली, ते विचारायचं नाही. रद्द म्हणजे रद्द.

मग घरोघरी मोबाइल आले. झाडाखाली वाचायला बसणारी मुलं कमी कमी होत गेली. सायकल गंजली. काकांच्या बायकोने, मिराबाईंनी, मला न्हाणीशेजारी ठेवून माझ्यात कोंबड्यांचा कोंडा भरला. कोंबड्या फटीत चोच घालून मला टोचत. पावसाळ्यात ओल चढे आणि माझा पत्रा आतून कुरतडल्यासारखा होई. मला वाटे, आता एक दिवस भंगारवाला येणार आणि मला तराजूत टाकून पायाने चेपणार. त्याची हाक ऐकली की मी गार पडायचे. कितीतरी वर्षं मी त्या हाकेला भीत काढली.

मला तिथून बाहेर काढलं ते राधिकाने. राधिका ज्ञानबांची आणि कौशल्याबाईंची धाकटी मुलगी. मेंढरांमागे जाताना तिच्या खांद्यावरच्या पिशवीत वही आणि पेन्सिल असे. काकांकडची जुनी कॉमिक्स तिने वाचून संपवली होती. एक दिवस ती हातपाय धुवायला न्हाणीपाशी आली आणि माझ्या माथ्यावरची फट पाहून थबकली.

"काका, कोंड्याच्या डब्याला ही फट काहून हाय?"

काकांनी तिला सगळं सांगितलं. हात, चिंचोके, चिठ्ठ्या, म्हातारे चित्रकार. ऐकता ऐकता तिने माझ्यातला कोंडा सुपात ओतला आणि मला राखेने घासायला सुरुवात केली.

"पुन्हा चालू करू ना, काका. माझ्या शाळेतल्या पोरी वाचतेत. पोरंबी वाचतील."

आणि खरंच चालू झालं. मुलं परत आली. कोणी शहरातून नवी पुस्तकं पाठवली. चार वर्षं मी पुन्हा ओसरीच्या मधोमध, स्टुलावर, कुलूप लावून उभी राहिले. मित्रांनो, आता सांगते ती गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षीची. ती आठवली की माझी कडी अजून थरथरते.

त्या वर्षी राधिकाचं एक करडू मेलं. तांड्याच्या कडेला किसनसिंग यांचं शेत आहे. किसनसिंग गावातले मोठे शेतकरी. त्यांनी एका कोपऱ्यात, बांधाजवळच्या बाभळीपाशी बोअर मारला होता, पण पाणी लागलं नाही. भोकाच्या तोंडाशी माती धरून ठेवणारा लोखंडी केसिंग पाइप कामाचा म्हणून त्यांनी तो उपसून दुसऱ्या बोअरला वापरला. पाइप निघाल्यावर तोंडाची माती ढासळत गेली आणि भोक रुंद झालं. राधिकाचं करडू खेळता खेळता त्यात गेलं. ती तिथे पालथी पडून त्याला हाका मारत राहिली. खालून त्याचं ओरडणं येत होतं, मग बारीक झालं, मग थांबलं.

कौशल्याबाई किसनसिंगांकडे जाऊन म्हणाल्या, "पाटील, ते तोंड बुजवा. आज माझं करडू गेलं. उद्या लेकरू जाईल."

किसनसिंगांनी त्यावर खताचं रिकामं पोतं टाकलं, कडेने दगड ठेवले आणि निरोप दिला, "झाकलं म्हणावं."

राधिकाने या सगळ्याची चित्रकथा काढली. नाव ठेवलं 'उघडं तोंड'. शेवटच्या पानावर तिने काहीच काढलं नव्हतं. सगळं पान काळं केलं होतं आणि तळाच्या कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात, करडाची एक हाक लिहिली होती. ज्या मुलाने ते पान उघडलं, त्याने पुस्तक लगेच मिटलं. आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडलं. काकांनी त्याच्या झेरॉक्स प्रती काढून इतर पुस्तकांबरोबर मतदानाला ठेवल्या. त्यात एका शहरातल्या चित्रकाराचं 'म्हैस निघाली लायसन काढायला' होतं, एक किल्ल्यातल्या भुताचं होतं आणि अशीच आणखी काही.

गावात कुजबुज सुरू झाली. पुरस्काराच्या दिवशी हिंगोलीहून पेपरचा वार्ताहर येणार होता. मतदानाच्या आदल्या दुपारी किसनसिंग काकांच्या ओसरीवर आले. हळद शिजवायचे दिवस होते. त्यांच्या कपड्यांना हळदीच्या वाफेचा वास येत होता. ते खाटेवर बसले नाहीत.

"रूपसिंगभाऊ, त्या पोरीचं पुस्तक काढून टाका."

"किसनसिंग, त्यात तुझं नाव कुठं हाय?"

"नाव नसलं तरी बाभूळ माझी हाय, बांध माझा हाय. सगळ्यांना दिसून राहिलंय. पेपरात आलं तर केस व्हईल माझ्यावर."

"मग भोक बुजव. केस कशाची व्हईल?"

"आता बुजवलं तर म्हणतील, चूक कबूल केली." किसनसिंगांचा आवाज चिरकला. तेव्हा मला कळलं, हा माणूस रागावलेला नाही. हा घाबरलेला आहे. आणि मित्रांनो, रागावलेल्या माणसापेक्षा घाबरलेल्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

काका म्हणाले, "कोणतं ठेवायचं, कोणतं काढायचं, हे वाचणारे सांगतील. मी न्हाई." बोलताना त्यांनी माझं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. तेही घाबरले होते. तरी त्यांनी पुस्तक काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळपासून मुलं रांगेत उभी होती. पण दरवर्षीचा गलका नव्हता. चिठ्ठ्या घाईघाईने टाकल्या जात होत्या आणि टाकणारं प्रत्येक मूल मागे वळून रस्त्याकडे बघत होतं. राधिका खांबाला टेकून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

ऊन वर आलं आणि मोटारसायकलचा आवाज आला. किसनसिंगांचा मुलगा रणजीत ओसरीपाशी थांबला. गाडी चालूच ठेवून तो वर चढला आणि काही न बोलता त्याने मला उचललं. काकांनी दोन्ही हातांनी मला धरलं.

"रणजीत, पोरांची मतं हायेत बाबा त्यात. सोड."

"काका, तुमी मधात पडू नका. तकलीफ व्हईल तुमाला."

त्याने हिसका दिला. म्हाताऱ्या बोटांची पकड सुटली. मुलं घाबरून मागे सरली. त्याने मला पुढ्यात टाकीवर ठेवलं आणि गाडी निघाली. माझ्या पोटातल्या चिठ्ठ्या खडखडत्या रस्त्यावर इकडून तिकडे आदळत होत्या. मला वाटलं, हा मला विहिरीत टाकणार, नाहीतर हळदीच्या भट्टीत.

मागे ओसरीवर एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. रांगेत रणजीतची मुलगी शितलसुद्धा उभी होती. नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. तिची पाळी यायच्या आतच पेटी गेली होती. चिठ्ठी मुठीत धरून ती धावत सुटली. रणजीत गाडीरस्त्याने वळसा घालून शेतात आला. ती बांधावरून सरळ.

रणजीतने शेतातल्या आखाड्यापाशी, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोपटापाशी, गाडी उभी केली. मला जमिनीवर टेकवून एक दगड घेतला आणि कुलपावर मारला. घाव हुकला आणि माझ्या कुशीत बसला. हा पोचा तेव्हाचा. त्याने पुन्हा मारला. कुलूप तुटलं नाही. तेव्हा त्याने मला गाडीच्या सीटवर ठेवलं आणि तो आखाड्यात पहार आणायला गेला.

मी एकटी उरले. शेतात हळद नुकतीच खणलेली होती, माती भुसभुशीत होती. पलीकडच्या बांधावर कौशल्याबाई मेंढरं चारत होत्या, पण त्यांची पाठ होती. आणि मला शितल दिसली. ती बाभळीच्या बाजूने येत होती. हात उंच करून चिठ्ठी हलवत होती.

"बापू! माझं टाकायचं ऱ्हायलं!"

बाभळीपाशी ते पोतं होतं. वाऱ्याने त्यावर माती आणि पाला साचला होता. लांबून ते जमिनीसारखंच दिसत होतं. ती सरळ त्याच्या दिशेने येत होती.

मित्रांनो, मला तोंड आहे. पण ते फक्त घ्यायचं तोंड आहे, बोलायचं नाही. मी आत ओरडत होते. थांब, पोरी, थांब. एकही आवाज बाहेर आला नाही.

तेवढ्यात गाडीचा स्टँड मऊ मातीत रुतला. गाडी कलली आणि मी दगडांवर आदळले. केवढा आवाज झाला! रणजीत पहार घेऊन बाहेर धावला. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. शितल पोत्यापासून एका पावलावर थांबली होती. आवाजाने दचकून उभी राहिली होती.

"शितल!" तो जीव खाऊन ओरडला.

तिने काय पाहिलं असेल? हातात लोखंडी पहार घेतलेला, डोळे फाटलेला बाप. ती घाबरली. तिने पाऊल मागे घेण्याऐवजी बाजूला घेतलं. आणि पोतं खचलं.

मी पडले नसते तर ती तशीच पुढे चालत गेली असती का? की मी पडले म्हणूनच त्याने पाहिलं, तो ओरडला आणि ती दचकली? माझ्या पडण्याने ती वाचली की सापडली, हे मला आजही कळत नाही.

पोतं तिच्याभोवती गोळा झालं आणि ती काखेपर्यंत आत जाऊन अडकली. दोन्ही हात बाहेर, मातीवर पसरलेले. ती रडतही नव्हती. तिच्या पायातली एक चप्पल निसटून खाली गेली. ती तळाला लागल्याचा आवाज मला आला नाही.

रणजीत पहार तशीच हातात घेऊन धावला. तो जवळ जाताच कडेची माती भुरभुरत आत पडू लागली आणि शितल आणखी थोडी खाली गेली.

"पळू नको रे!" बांधावरून कौशल्याबाईंचा आवाज आला. मेंढरं सोडून त्या धावत येत होत्या. "रणजीत, लेकरा, उभा राहू नको. पालथा पड! माती ढासळंल!"

तो पालथा पडला. रांगत, सरकत पुढे गेला.

"मावशी, माझी पोर..."

"गप. ती पहार आडवी टाक तिच्या म्होरं. शितल, माझी बाय, बापाकडं बघ. ते लोखंड धर. घट्ट. खाली बघू नको."

पहार भोकावर आडवी बसली. शितलने ती धरली. तरी एका हातातली चिठ्ठी तिने सोडली नव्हती. कौशल्याबाईंनी खांद्यावरची घोंगडी काढून पीळ घातला, पोटावर सरकत जाऊन तो पीळ तिच्या काखेखालून ओवला आणि एक टोक रणजीतकडे फेकलं.

"मी म्हणते तवाच ओढ. हिसका न्हाई द्यायचा."

त्यांनी हळूहळू ओढलं. घोंगडीचे धागे करकरत होते. मी उलटी पडले होते, माझ्या फटीत माती शिरली होती, आणि तो सगळा वेळ मी ती घोंगडी तुटते की काय, एवढंच बघत होते. मग शितलची कंबर वर आली, मग गुडघे, मग एक चप्पल घातलेला आणि एक अनवाणी पाय. रणजीत तिला कवटाळून मागे मागे सरकत राहिला. बाभूळ खूप लांब राहिली तरी तो सरकतच होता.

तेव्हा कुठे ती रडली.

तिला कडेवर घेऊन तो चालत घरी निघाला. गाडी त्याला उचलवली नाही. कौशल्याबाईंनी मला डोक्यावर घेतलं आणि त्या त्याच्या मागून चालू लागल्या. एवढं झाल्यावरही वाटेत त्यांनी करडाचं नाव काढलं नाही.

किसनसिंगांनी नातीला पाहिलं, तिचा अनवाणी पाय पाहिला आणि ते दारातच खाली बसले. थोड्या वेळाने उठून त्यांनी ट्रॅक्टर काढला. ऊन उतरायच्या आत भोकात दगड आणि मुरूम भरला गेला. वर सिमेंट ओतलं गेलं. ते स्वतः फावडं घेऊन उभे होते. मधेच ते थांबत आणि बुजलेल्या जागेवर पाय आपटून बघत. पुन्हा पुन्हा.

त्याच संध्याकाळी रणजीत मला घेऊन ओसरीवर आला. त्याने मला जागेवर ठेवलं. राधिका तिथेच होती. तिच्याकडे त्याला बघवत नव्हतं.

"काका, कुलूप तुटलं न्हाई. बघून घ्या. मतं मोजा. राधिकाच जिंकली असंल."

काकांनी कुलूप पाहिलं, माझ्या पोच्यावरून बोट फिरवलं.

"न्हाई रणजीत. पेटी नजरेआड गेली. मतदान रद्द."

"मी पोरीची शपथ घेतो काका, मी एकबी चिठ्ठी..."

"तुझ्यावर भरोसा न्हाई म्हणून न्हाई, बाबा. भरोसा ठेवायचा का न्हाई, हे ठरवत बसायला लागू नये, म्हणून तर नियम हाय."

चिठ्ठ्या न वाचता चुलीत गेल्या. पुढच्या रविवारी पुन्हा मतदान ठरलं.

पण आता राधिका काकांकडे आली. "काका, माझं पुस्तक काढा. आता सगळे शितलमुळं मत देतील. चित्रासाठी न्हाई. मला भीती वाटून राहिली."

काका म्हणाले, "किसनसिंगनं सांगितलं तवा काढलं न्हाई. तू सांगितलं तरी काढणार न्हाई. लोकांनी काय बघून मत द्यायचं, हे तूबी ठरवू नको अन् मीबी न्हाई."

त्या रविवारी पूर्वी कधी न आलेले लोकही आले. रणजीत रांगेच्या शेवटी उभा राहिला. शितल कौशल्याबाईंचं बोट धरून आली. जमिनीकडे बघत, एकेक पाऊल चाचपत. तिने तीच चुरगळलेली चिठ्ठी आणली होती. काकांनी ती तशीच टाकू दिली.

सगळ्यांसमोर कुलूप उघडलं. मला वाटत होतं, माझं पोट फाटेल. एकेक चिठ्ठी वाचली गेली, आणि जिंकली कोण? म्हैस. लायसन काढायला निघालेली म्हैस! सगळे राधिकाकडे बघू लागले. तिने तोंडावर ओढणी धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. कौशल्याबाई घाबरून तिच्याकडे धावल्या.

ओढणी बाजूला झाली तर ती हसत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती.

"आई, मीबी म्हशीलाच दिलंय मत," ती म्हणाली. "ते साहेब तिला आरसा दाखवतेत ते चित्र... मला न्हाई जमलं असतं तसं."

मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी पुष्कळ निकाल पाहिले. इतका खरा निकाल मी दुसरा पाहिला नाही.

या गोष्टीला फार काळ झालेला नाही. शितल शाळेत जाते, पण त्या शेतातून जात नाही. लांबच्या रस्त्याने जाते आणि रणजीत तिला तसंच नेतो. सिमेंटवर उभं राहायला ती अजून तयार नाही. तिला कोणी भित्री म्हटलं तर मला राग येतो. काका आता बसूनच असतात. मुलं म्हणतात, पुढच्या वेळेपासून मोबाइलवर लिंक पाठवून मतं घेऊ, लांबचे वाचकही देतील. त्यात चूक काही नाही. पण तसं बोलणं निघालं की मला पुन्हा भंगारवाल्याची हाक ऐकू येते. मला ठेवायचं ठरलं, तर वर्षातून एकदा माझा गंज घासा, झाकणाला तेलाचा हात फिरवा आणि माझ्यात कोंडा भरू नका, एवढंच माझं मागणं आहे.

राधिकाचं 'उघडं तोंड' जिंकलं नाही, तरी फिरत राहिलं. प्रतींच्या प्रती काढल्या गेल्या. ते कुठे कुठे पोहोचलं, कोणालाच माहीत नाही. परवा भर दुपारी एक अनोळखी शेतकरी ओसरीवर आला. लांबच्या कुठल्यातरी गावचा होता. त्याच्या हातात ती चित्रकथा होती आणि तो संतापलेला होता. मी स्टुलावर आक्रसून गेले.

"ही राधिका कोण? माझ्या शेताचं चित्र काहून काढलं तिनं? कोणाला इचारून काढलं?"

राधिका पुढे आली. तिने त्याचं गाव विचारलं. त्याने सांगितलं. ते नाव तिने कधी ऐकलंही नव्हतं.

"काका, मी तुमचं शेत बघितलंच न्हाई," ती हळूच म्हणाली. "पण तुमच्याकडंबी उघडं हाय का?"

त्याचा राग कुठे गेला, कळलं नाही. तो मला दिसला तसा सांगते: त्याचा चेहरा किसनसिंगांसारखा झाला, मग रणजीतसारखा. त्याने चित्रकथा घडी करून खिशात घातली, पुढे केलेलं पाणीही न पिता पायऱ्या उतरला आणि रस्त्याला लागताच पळत सुटला.

मित्रांनो, तुम्हाला कुठे उघडं तोंड दिसलं, तर ते कोणाचं हे मग विचारा. आधी झाका.